समोरची काच आणि तिचे बिल

प्रात्यक्षिकाच्या तासाला आम्ही शिक्षक एक सूचना पुन्हा पुन्हा देत असतो : मोजमापाला हात घालण्यापूर्वी आपण नेमके काय मोजणार आहोत, ते ठरवा. लंबकाची लांबी म्हणजे नुसत्या दोऱ्याची लांबी, की गोळ्याच्या मध्यबिंदूपर्यंतची लांबी? हे ज्याने आधी ठरवले नाही, त्याचे उत्तर चुकणारच. ही सूचना मी गेली वीस वर्षे देत आलो आहे. तरीही २०२५ च्या ऑक्टोबरात मी स्वतःच ती विसरलो आणि त्या विसरण्याची किंमत मला रोख मोजावी लागली. ती हकीकत सांगतो, कारण तीत पदार्थविज्ञानाचे निदान पाच धडे आणि व्यवहाराचा एक धडा आहे.

दसऱ्याच्या दिवशी मी मोटारीने नाशिकहून घरी परतत होतो. पुढे खडीने भरलेला ट्रक चालला होता. एकाएकी ‘टक्’ असा आवाज झाला आणि समोरच्या काचेवर मसुराच्या दाण्याएवढा टवका उडालेला दिसला. ‘एवढ्याने काय होते!’ असे म्हणून मी तो विषय सोडून दिला. पुढे दिवाळी आली. भर दुपारी एक वाजता, उन्हात उभी असलेली गाडी धुवावी म्हणून मी टाकीतल्या गार पाण्याची बादली थेट काचेवर ओतली. त्या टवक्यातून निघालेला तडा माझ्या डोळ्यांदेखत वीतभर धावला. उष्णतेने होणारे प्रसरण वर्गात शिकवणाऱ्या माणसाने हे करावे, याला काय म्हणावे!

गॅरेजला फोन केला. “काच किती रुपयांना पडेल?” “साडेसहा हजार, सर.” मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी काम झाल्यावर हातात आलेले बिल असे होते :

काच : ६,५०० रुपये
बसवण्याची मजुरी : १,२०० रुपये
सीलंट व प्रायमर : १,१०० रुपये
कडेची रबरी पट्टी : ६५० रुपये
क्लिपा : १५० रुपये
किरकोळ साहित्य : २०० रुपये
जुन्या काचेची विल्हेवाट : २०० रुपये
बेरीज : १०,००० रुपये
कर १८ टक्के : १,८०० रुपये
एकूण देय : ११,८०० रुपये

साडेसहा हजारांचे अकरा हजार आठशे! म्हणजे सांगितलेल्या रकमेपेक्षा जवळजवळ ८२ टक्के अधिक. मला राग आला. पण घरी येऊन ते बिल टेबलावर पसरले आणि एकेक ओळ घेऊन विचार करू लागलो, तेव्हा लक्षात आले की यातल्या बऱ्याच ओळी मला गॅरेजवाल्याने नव्हे, तर निसर्गनियमांनी लावलेल्या आहेत. काही ओळींचे मात्र तसे नव्हते. कोणती ओळ कोणत्या प्रकारची, हे ओळखायचे कसे? चला, आपण मिळून ते बिल वाचू.

एक काच नव्हे, दोन

मोटारीच्या समोरची काच ही खिडकीच्या तावदानासारखी एकसंध नसते. सुमारे दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल नावाच्या पारदर्शक, चिवट प्लॅस्टिकचा पाऊण मिलिमीटर जाडीचा पापुद्रा, असा तो तीन थरांचा मेळ असतो. याला लॅमिनेटेड काच म्हणतात. काच फुटली तरी तिचे तुकडे मधल्या पापुद्र्याला चिकटून राहतात आणि प्रवाशांच्या डोळ्यांत जात नाहीत.

या कल्पनेचा जनक एदुआर बेनेदिक्तस हा फ्रेंच चित्रकार व रसायनज्ञ. १९०३ साली त्याच्या प्रयोगशाळेत काचेचा एक चंबू खाली पडला. त्याला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत. चंबूत पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण ठेवलेले होते आणि ते सुकून आतून पातळ अस्तर तयार झाले होते. त्यावरून त्याने थरांची काच बनवली आणि १९०९ साली तिचे पेटंट घेतले. ते अस्तर उन्हाने पिवळे पडे, म्हणून पुढे १९३० नंतरच्या दशकात त्याची जागा पॉलिव्हिनिल ब्युटिरलने घेतली.

मोटारीच्या बाजूच्या काचा निराळ्या असतात. त्या तापवून थंड हवेच्या झोताने एकदम निववतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतला भाग मागाहून निवताना आकसतो आणि पृष्ठभागाला आत ओढून दाबाखाली ठेवतो. ही टफन्ड काच. ती बळकट असते, पण फुटली की एकदम सगळीच्या सगळी लहान दाण्यांत फुटते. एके काळी आपल्याकडे पुष्कळ गाड्यांना समोरही अशीच काच असे. दगड लागला की क्षणात सारी काच दुधासारखी पांढरी होई आणि धावत्या गाडीच्या चालकाला पुढचे काहीच दिसत नसे. म्हणून आता मोटारीच्या समोर लॅमिनेटेड काचच लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार समोरच्या काचेतून दृश्य प्रकाशाचा निदान ७० टक्के भाग पार गेला पाहिजे, आणि भारतीय मानकाचा क्रमांक आहे आयएस २५५३. आपल्या ओळखीच्या गाडीच्या काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत हा क्रमांक शोधून पाहा.

तेव्हा बिलातली पहिली ओळ खरी. मात्र पहिली खबरदारीही इथेच आहे. त्याच गाडीसाठी गाडीच्या कंपनीमार्फत येणारी आणि बाहेरच्या कारखान्याची, अशा निरनिराळ्या किमतींच्या काचा मिळतात. ‘साडेसहा हजार’ ही कोणत्या काचेची किंमत, हे मी विचारलेच नव्हते.

टवक्याचा तडा कसा होतो?

एवढासा खडा काच फोडतो कसा? थोडे गणित करू. खड्याचे वस्तुमान १० ग्रॅम आणि काचेच्या सापेक्ष त्याचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर धरू. त्याची गतिज ऊर्जा येते २ जूल. एक किलोग्रॅम वजनाचे पुस्तक वीतभर उंचीवरून टेबलावर पडते तेव्हाही साधारण एवढीच ऊर्जा असते. पुस्तकाने टेबल फुटत नाही, कारण आघात मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो. खड्याचे टोक मात्र जेमतेम एक चौरस मिलिमीटर जागेवर आदळते. शिवाय वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. खडीच्या ट्रकपासून लांब राहावे, याचे हे गणिती कारण.

आता तड्याकडे वळू. फार्नबरो येथील विमानसंशोधन केंद्रात काम करणारा इंग्रज अभियंता ए. ए. ग्रिफिथ याने १९२१ साली काचेच्या दुबळेपणाचे मर्म उलगडून दाखवले. काचेतील अणूंची परस्परांवरील पकड पाहिली, तर काच प्रत्यक्षात असते तिच्या कितीतरी पट बळकट असायला हवी. पण तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य चिरा असतात. काच ताणली की तो सारा ताण चिरेच्या अणकुचीदार टोकाशी एकवटतो. लोखंडासारखा धातू त्या जागी थोडासा वाकून ताण सैल करतो. काचेला वाकणे ठाऊक नाही. म्हणून चीर पुढे सरकते आणि लांब झाल्यामुळे आणखी सहज सरकते. दुकानदार कापडाला कात्रीने छोटी खाच देतो आणि मग ते दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो, त्यातलाच हा प्रकार.

माझ्या काचेवर अशी खाच खड्याने आधीच दिलेली होती. उरलेले काम माझ्या बादलीने केले. एक मीटर लांबीची काच एका अंशाने तापली, तर सुमारे ९ मायक्रोमीटरने वाढते. तापलेल्या काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान पाण्याने ३० अंशांनी उतरले असे धरू. तो आकसू पाहतो, पण आतली गरम काच त्याला आकसू देत नाही. काचेचा यंगचा गुणांक ७० गिगापास्कल धरून गुणाकार केला, तर पृष्ठभागावरचे प्रतिबल सुमारे १९ मेगापास्कल येते. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला जवळजवळ दोन किलोग्रॅम वजनाची ओढ! धडधाकट काच एवढे बहुधा सोसते. टवका उडालेली काच सोसत नाही.

आणि इथेच या हकिकतीतला सर्वांत मोठा छुपा खर्च आहे. तो बिलात कुठेच लिहिलेला नाही. टवका नवा असतानाच त्यातील हवा काढून तिथे पातळ राळ भरतात आणि अतिनील किरणांनी ती घट्ट करतात. काचेचा अपवर्तनांक १.५२ आहे. हवा आणि काच यांच्या सीमेवर लंबरूप प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग परावर्तित होतो, म्हणून टवका चमकतो. राळेचा अपवर्तनांक काचेच्या अगदी जवळचा असल्याने ती भरताच हे परावर्तन जवळजवळ नाहीसे होते आणि टवका दिसेनासा होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चिरेचे टोक भरून निघाल्यामुळे ताण तिथे पूर्वीसारखा एकवटत नाही. टवका लहान असेल, चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल आणि काचेच्या कडेपासून दूर असेल, तर हा उपाय चालतो. आमच्याकडे त्याला काही शे रुपये पडतात. मी दोन आठवडे आळस केला आणि शेकड्यांचे काम हजारांवर नेले.

काच गाडीचा भाग आहे

बिलातली तिसरी ओळ पाहून मी गॅरेजमध्येच म्हणालो होतो, “अकराशे रुपये नुसत्या चिकटवण्याचे?” तेथील वयस्क मिस्त्री हसले. पुढे मी किल्ली मागितली, तेव्हा ते म्हणाले, “सर, दोन तास गाडी हलवायची नाही.”

“अहो मिस्त्री, काच तर बसली!”

“बसली, पण धरली नाही अजून.”

‘बसली’ आणि ‘धरली’ यांत फरक आहे. जुन्या ॲम्बॅसडर किंवा पद्मिनी गाड्यांत समोरची काच रबराच्या खाचेत बसवलेली असे. आजच्या मोटारीत ती पॉलियुरेथेन जातीच्या चिकटद्रव्याने गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. अशी जोडलेली काच सांगाड्याला ताठपणा देते आणि गाडी उलटली तर छताला आधार देते. कित्येक गाड्यांत शेजारच्या प्रवाशासमोरची एअरबॅग फुगताना याच काचेला टेकून प्रवाशाकडे वळते. काच नीट चिकटलेली नसेल, तर एअरबॅग काचेलाच बाहेर ढकलून देईल आणि ऐन वेळी तिचा उपयोग होणार नाही.

हे चिकटद्रव्य फेव्हिकॉलसारखे पाणी उडून जाऊन सुकत नाही. उलट हवेतील बाष्प शोषून त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंफल्या जातात. त्यामुळे आधी वरची साय धरते आणि आतला भाग सावकाश घट्ट होत जातो. दमट हवेत हे लवकर होते, कोरड्या थंडीत उशिरा. गाडी केव्हा हलवावी याची वेळ चिकटद्रव्याच्या जातीवर आणि हवेवर अवलंबून असते. ती त्या नळीच्या वेष्टनावरच छापलेली असते.

प्रायमर ही चैन नव्हे. तो काचेशी आणि रंगाशी चिकटद्रव्याचा बंध पक्का करतो. जुनी काच कापून काढताना पत्र्यावर ओरखडे पडतात, तेथे तो गंज धरू देत नाही. काचेच्या कडेने असलेला काळा पट्टा तुम्ही पाहिला असेल. तोही शोभेचा नाही. सूर्याच्या अतिनील किरणांनी चिकटद्रव्य कमजोर होते, म्हणून त्याला ती सावली केलेली असते.

आता सांगा, या अकराशे रुपयांतून काटकसर करावी का? मी घासाघीस केली असती आणि कोणी स्वस्तातले साधे सिलिकॉन लावून दिले असते, तर बिल कमी झाले असते आणि मला ते समजलेही नसते. समजले असते ते अपघाताच्या वेळी. काही खर्च छुपे असतात, तशाच काही बचतीही छुप्या असतात. दुसऱ्या जास्त घातक.

रबरी पट्टीचेही तसेच. काढताना ती बहुधा ताणली जाते किंवा तुटते, आणि सैल पट्टीतून पावसाचे पाणी शिरते. ती नवी घेणे योग्य. क्लिपा मात्र कधी पट्टीबरोबरच येतात. तेव्हा त्यांची वेगळी ओळ दिसली की ‘या पट्टीत नव्हत्या का?’ हा प्रश्न विचारावा.

‘किरकोळ साहित्य’ आणि ‘जुन्या काचेची विल्हेवाट’ या दोन ओळींमागे मला कोणताही निसर्गनियम सापडला नाही. हातमोजे, कापड, साफ करायचा द्रव हे मजुरीतच धरायला हवे. जुनी काच मला घरी न्यायची होती का, हेही कोणी विचारले नव्हते. या दोन ओळींचे ४०० रुपये आणि त्यांवरचा ७२ रुपये कर, असे ४७२ रुपये मी आधी विचारले असते तर बहुधा वाचले असते. कर लक्षात ठेवा. दुकानदार तोंडी किंमत सांगतो ती बहुधा कराविना असते, आणि तो कर काचेप्रमाणे मजुरीवरही लागतो.

नव्या गाड्यांचे नवे खर्च

माझी गाडी साधी आहे. पण ज्यांच्या गाड्या नव्या आहेत, त्यांच्या बिलात आणखी दोन ओळी असू शकतात.

पहिली, पर्जन्य-संवेदकाची. पाऊस पडू लागताच वायपर आपोआप सुरू करणारा हा डोळा काचेला आतून चिकटवलेला असतो. त्यातून अवरक्त किरण सुमारे ४५ अंशांच्या कोनाने काचेत सोडतात. काचेबाहेर हवा असेल तर क्रांतिक कोन सुमारे ४१ अंश असतो. ४५ अंश त्याहून जास्त, म्हणून पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि सारा प्रकाश संवेदकाकडे परततो. काचेवर पाण्याचा थेंब बसला की तेथील क्रांतिक कोन सुमारे ६१ अंश होतो. आता ४५ अंश अपुरे पडतात आणि प्रकाश थेंबातून बाहेर निसटतो. परतणारा प्रकाश कमी झाला, म्हणजे पाऊस आला! संवेदक आणि काच यांच्यामध्ये हवेचा थर राहिला तर हा खेळ बिघडतो, म्हणून तिथे पारदर्शक जेलची चकती असते. काच बदलताना ती नवी लागू शकते.

दुसरी ओळ कॅमेऱ्याची. चालकाला सावध करणारा किंवा ब्रेक लावणारा कॅमेरा आरशामागे काचेला लागून असतो. नव्या काचेबरोबर त्याची दिशा एका अंशानेच ढळली, तर ५० मीटर अंतरावर ती चूक ०.८७ मीटर होते. मार्गिकेची रुंदी साडेतीन मीटर असते. म्हणजे कॅमेऱ्याचा अंदाज मार्गिकेच्या चौथ्या हिश्शाने चुकला. म्हणून त्याचे अंशशोधन करावे लागते आणि त्याचा खर्च काही हजारांत जाऊ शकतो. ‘ते राहू द्या, काच तेवढी बसवा,’ असे इथे म्हणू नये.

आणखी एक खर्च बिलात येतच नाही : फास्टॅग! तो जुन्या काचेला चिकटलेला असतो आणि ओरबाडून काढला की आतला धातूचा बारीक ॲन्टेना तुटतो. एका गाडीचा टॅग दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये म्हणून तो तसाच केलेला असतो. मला हे टोलनाक्यावर आठवले. नवा टॅग बँकेकडून घ्यावा लागला आणि तो मिळेपर्यंत पथकर नेहमीपेक्षा जास्त भरावा लागला.

विमा आहे ना?

“विम्यात बसवायचे, फुकटात काम!” असे मला चार जणांनी सांगितले. पण विमा कंपनीला कळवायचे ते काम करण्यापूर्वी, आणि मी ते केले नव्हते. हळहळ वाटली, म्हणून दावा केला असता तर काय मिळाले असते याचा हिशेब मांडला.

आपल्याकडील नेहमीच्या मोटार विम्यात काचेच्या भागांवर घसारा धरत नाहीत. काच आणि मजुरी मिळून करासह ९,०८६ रुपये होतात. रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के घसारा असतो, म्हणून पट्टीच्या ७६७ रुपयांपैकी ३८३ रुपये. सीलंट, क्लिपा व किरकोळ वस्तू या साधारणतः उपभोग्य साहित्यात मोडतात. त्यांसाठी वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर ते शून्य. झाले ९,४६९ रुपये. यातून सक्तीची वजावट काढायची. १५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारीला ती १,००० रुपये असते. हाती उरले ८,४६९ रुपये.

पण हिशेब इथे संपत नाही. वर्षभर दावा केला नाही तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात नो क्लेम बोनस मिळतो. तो ओळीने २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढतो. एक दावा केला की तो शून्यावर येतो आणि शिडी पहिल्या पायरीपासून चढावी लागते. मी ५० टक्क्यांवर होतो. बोनस न धरता माझा हप्ता ८,००० रुपये धरला आणि तो तसाच राहील असे मानले, तर दावा केल्यास पुढील पाच वर्षांत मला अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के जादा भरावे लागले असते. बेरीज १२५ टक्के, म्हणजे १०,००० रुपये. आठ हजार चारशे मिळवण्यासाठी दहा हजार घालवणे! ‘फुकट’ काम मला दीड हजारांना पडले असते.

मात्र हे उत्तर सर्वांना लागू नाही. ज्याचा बोनस सध्या २० टक्के आहे, त्याचा हिशेब तुम्हीच करा. तो दावा न करता २५, ३५, ४५, ५० असा चढला असता, हे ध्यानात घ्या. तोटा ६,४०० रुपये येईल, म्हणजे त्याला दावा करणे फायद्याचे. शिवाय काही पॉलिसींत बोनस सांभाळणारी जादा तरतूद असते. तात्पर्य, पॉलिसीचा कागद वाचल्याशिवाय उत्तर देऊ नये.

विचारायचे काय?

माझी चूक कुठे झाली, हे आता तुम्हाला दिसले असेल. मी विचारले, “काच किती रुपयांना पडेल?” उत्तर मिळाले ते काचेचे. गॅरेजवाला खोटे बोलला नाही, पण पुरतेही बोलला नाही. आणि मी काय मोजायचे ते न ठरवताच मोजले. मी विचारायला हवे होते ते असे :

१. काच बसवून, करासह, गाडी माझ्या हाती येईपर्यंत एकूण किती? हे कागदावर लिहून द्याल का?
२. काच कोणत्या कंपनीची? तिच्यावर मानकाचे चिन्ह आहे ना?
३. चिकटद्रव्य कोणते, आणि गाडी किती वेळ उभी ठेवायची?
४. पट्टी, क्लिपा, संवेदक, कॅमेरा यांपैकी माझ्या गाडीला काय लागेल?
५. जी ओळ समजत नाही, ती कशासाठी आहे?

आणि सर्वांत आधीचा प्रश्न : टवका भरून भागणार नाही का?

पावतीचा आग्रह धरा. मागूनही बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये अनुचित व्यापारी प्रथा आहे. समाधान झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

माझ्या बिलातल्या बहुतेक ओळींना मी आज आनंदाने पैसे देईन. दोन तास थांबायला लावणाऱ्या मिस्त्रींना तर थोडे जास्तच. फक्त त्या ओळी मला आधी दिसायला हव्या होत्या.

करून पाहा

१. कागदाची दोन सारखी लांबट पट्ट्या कापा. एकीच्या कडेला मध्यावर कात्रीने छोटी खाच द्या. दोन्ही पट्ट्या टोकांना धरून ओढा. कोणती आधी आणि कुठे फाटते? खाचेच्या टोकाशी दाभणाने गोल भोक पाडून पुन्हा करा. काय फरक पडतो? का?

२. काचेचा पेला पाण्याने काठोकाठ भरा. वरून, पाण्याच्या पृष्ठभागातून तिरपे पाहत पेल्याच्या समोरच्या भिंतीकडे बघा. ती चांदीसारखी चमकेल. बाहेरून कोरडे बोट हलकेच टेकवा, मग बोट ओले करून दाबा. ओल्या बोटाच्या ठशातील रेषा एकदम स्पष्ट दिसतील. पर्जन्य-संवेदकाला पाऊस कळतो तो असाच.

३. घरातील एखादे दुरुस्तीचे बिल घ्या. प्रत्येक ओळीपुढे ‘आवश्यक’, ‘आवश्यक, पण दर विचारावा’ आणि ‘कारण कळले नाही’ यांपैकी एक शेरा लिहा. तिसरा शेरा किती ओळींना मिळाला, ते वडीलधाऱ्यांना दाखवा.